ध्वनिफीत, प्रयोगशील रंगभूमी आणि वाजवणारे हात

सन १९५६ मध्ये अमेरिकेत ‘फॉरबिडन प्लॅनेट’ नावाचा एक चित्रपट निघाला. परग्रहावरची कथा होती. त्यात एकही वाद्य वाजत नाही. लुई आणि बेबी बॅरन या पतिपत्नींनी विजेची मंडले स्वतः जोडली, त्यांतून निघणारे आवाज ध्वनिफितीवर घेतले, फीत कापली, उलटी चालवली, मंद चालवली, आणि सबंध चित्रपटाचे संगीत त्यातून उभे केले. पण पडद्यावर नावे आली तेव्हा या कामासमोर ‘संगीत’ हा शब्द आला नाही. ‘इलेक्ट्रॉनिक टोनॅलिटीज’ असे एक मोघम नाव देऊन वेळ मारून नेण्यात आली. बॅरन पतिपत्नी वादकांच्या संघटनेचे सभासद नव्हते. संघटनेशी कज्जा नको म्हणून चित्रपट कंपनीने तो शब्दच गाळला.

आम्ही हयातीची बरीच वर्षे हमाल, डाळमिल कामगार आणि गिरणीतून बाहेर पडलेली माणसे यांच्या संघटनेत घालवली आहेत. शाळेतले शिक्षण दहावीपाशी थांबले. पुढे जे झाले ते वाचनालयाच्या बाकावर आणि रात्रीच्या बैठकांत झाले. तेव्हा ही हकीकत वाचली त्या वेळी आमचा ओढा सहजच संघटनेकडे गेला. पण थोडा विचार केल्यावर प्रश्न सरळ राहिला नाही. यंत्र आले की कोणाचे तरी हात रिकामे होतात, हे खरे. परंतु त्या यंत्रामागेही दोन हात असतात, आणि तेही कष्टच करीत असतात. त्यांच्या कामाला नाव द्यायचे की नाही? आजचा विषय फितीवरच्या संगीताचा आणि प्रयोगशील नाटकाचा आहे खरा. पण आम्हाला त्यात शिरण्याचा दरवाजा सापडला तो हा.

अमेरिकेतील वादक संघटनेची बाजू आधी नीट समजून घेतली पाहिजे. तबकड्या आणि रेडिओ आले, हॉटेलांतून पैसे टाकून वाजणारी यंत्रे आली, आणि जेथे आठ वादक बसत तेथे एक खोके बसू लागले. जेम्स पेट्रिलो हे त्या वेळी संघटनेचे अध्यक्ष. त्यांनी १ ऑगस्ट १९४२ पासून तबकड्यांसाठी वाजवणे बंद केले. सव्वादोन वर्षे हा बहिष्कार चालला. मौज अशी की, वाद्ये मिळेनात म्हणून गायकांनी पाठीमागे नुसत्या गळ्यांचा ताफा उभा करून तबकड्या काढल्या! शेवटी १९४४च्या नोव्हेंबरात बड्या कंपन्यांनी मान तुकवली. विकल्या जाणाऱ्या तबकडीमागे ठराविक रक्कम संघटनेच्या निधीत जावी आणि त्यातून बेकार वादकांना काम द्यावे, असे ठरले. यंत्र फोडले नाही, यंत्राच्या कमाईत वाटा मागितला, आणि तो मिळवला. आम्ही याला मोठी गोष्ट समजतो. मात्र त्याच संघटनेचे नाव पुढे बारा वर्षांनी आड आले ते एका जोडप्याच्या श्रेयाच्या. लढ्यात जिंकलेली माणसे शब्दाला किती घट्ट धरून बसतात याचे हे उदाहरण.

आता ही फीत म्हणजे काय, हे थोडक्यात पाहू. डेन्मार्कच्या वाल्डेमार पौलसेनने १८९८ साली पोलादी तारेवर आवाज चुंबकाने धरून दाखवला. जर्मनीत फ्रिट्झ फ्लॉयमरने १९२८ मध्ये कागदाच्या पट्टीवर लोहचूर्ण चिकटवले, आणि १९३५ साली बर्लिनच्या रेडिओ प्रदर्शनात ‘मॅग्नेटोफोन’ हे यंत्र लोकांसमोर आले. दुसरे महायुद्ध संपल्यावर ही विद्या जेत्यांच्या हाती पडून जगभर पसरली. या फितीचा खरा गुण नुसता आवाज साठवण्याचा नाही. तो तबकडीलाही होता. फितीमुळे काळ हातात आला. स्टुडिओतल्या यंत्रात फीत एका सेकंदाला अडतीस सेंटिमीटर धावते. म्हणजे एक सेकंद हा अडतीस सेंटिमीटरचा एक तुकडा झाला! तो टेबलावर ठेवता येतो, मोजपट्टीने मापता येतो, पात्याने तिरका कापता येतो, दुसऱ्या सेकंदाला जोडता येतो. ज्यांनी गिरणीत काम केले आहे त्यांना हे समजावून सांगावे लागत नाही. तुटलेल्या धाग्याला सांधा मारणारी बोटे आणि फितीला सांधा मारणारी बोटे यांचे कसब एकाच जातीचे आहे.

फीत निम्म्या वेगाने चालवली की आवाज एक सप्तक खाली उतरतो आणि दुप्पट लांबतो. दुप्पट वेगाने चालवली तर वर चढतो. उलटी चालवली तर घंटेचा टोल आधी विरतो आणि मग आदळतो. दोन टोके जोडून कडे केले तर तोच आवाज फिरफिरून येत राहतो. एवढ्या चार-पाच युक्त्या. पण त्यांतून आवाजाचे नवे राज्य निघाले.

या राज्याचा पहिला मानकरी म्हणून फ्रान्सच्या पिएर शेफरचे नाव घेतले जाते. त्याच्याही चार वर्षे आधी, १९४४ साली, कैरो शहरात हलीम अल्-दब या तरुणाने तारेवर आवाज धरणारे यंत्र मिळवले, बायकांच्या ‘झार’ नावाच्या विधीतले गाणे त्यावर घेतले, आणि त्यातले शब्द व उच्चार पुसून केवळ नादाची वलये उरवली. पहिला मान इजिप्तचा आहे, हे आपल्याकडच्या लोकांनी तरी विसरू नये. शेफरने आगगाडीची इंजिने, रुळांवरचा खडखडाट आणि शिट्ट्या यांतून रचलेले नादखंड पॅरिस रेडिओवरून ५ ऑक्टोबर १९४८ रोजी ऐकवले. त्याने तेव्हा फीत नव्हे, तबकड्याच वापरल्या होत्या. फीत त्याच्या हाती नंतर आली. त्या दिवशी आपला मराठवाडा निजामी अमलातून सुटून अवघे अठरा दिवस झाले होते. आमच्या खेड्यांत तेव्हा विजेचा दिवा नव्हता. पॅरिसमध्ये आगगाडीचे गाणे होत होते आणि येथे माणसे आगगाडीने आपापल्या गावी परतत होती.

रंगभूमीने हा नवा नाद लगेच उचलला. पीटर ब्रुक या इंग्रज दिग्दर्शकाने १९५५ साली शेक्सपिअरचे ‘टायटस अँड्रॉनिकस’ बसवले तेव्हा फितीवरचे संगीत स्वतःच तयार केले. रक्तपाताने भरलेले ते नाटक. त्याला वाद्यमेळ लावला असता तर प्रेक्षक सुखावले असते. ओळखू न येणाऱ्या आवाजांनी त्यांना खुर्चीत स्वस्थ बसू दिले नाही. १९५८ मध्ये सॅम्युएल बेकेटचे ‘क्रॅप्स लास्ट टेप’ लंडनला रंगमंचावर आले. त्यात एकोणसत्तर वर्षांचा एक म्हातारा आपलाच एकोणचाळिसाव्या वर्षीचा आवाज फितीवर ऐकत बसतो. रंगमंचावर माणूस एकच. दुसरे पात्र यंत्र. त्याच वर्षी बीबीसीने रेडिओफोनिक वर्कशॉप ही कार्यशाळा काढली. नभोनाट्यांना लागणारे नवे आवाज तयार करणे हे तिचे मुख्य काम.

या कार्यशाळेतील डेलिया डर्बीशायर या बाईंची गोष्ट येथे सांगितल्यावाचून पुढे जाववत नाही. दूरदर्शनवरच्या ‘डॉक्टर हू’ या मालिकेची सुरावट १९६३ साली रॉन ग्रेनर यांनी कागदावर लिहून दिली. तिचा एकेक स्वर डर्बीशायरबाईंनी फितीच्या तुकड्यांतून घडवला, कापून, जोडून, पट्ट्या एकमेकींवर बसवून. ग्रेनरना ती ऐकून आपलीच चाल ओळखू येईना, असे सांगतात. बाईंना सहरचनाकाराचे श्रेय आणि मानधनाचा अर्धा वाटा मिळावा अशी त्यांची स्वतःची इच्छा होती. पण बाई पगारी नोकर. नियमाने तसे करता येत नव्हते. त्या २००१ साली वारल्या. मालिकेच्या पडद्यावर त्यांचे नाव आले ते २०१३ मध्ये. पगार दिला म्हणजे नावही विकत घेतले, हा मालकी विचार लंडनमध्ये आणि लातुरात एकच असतो.

आपल्या देशात फितीच्या संगीताचा पहिला मोठा स्टुडिओ कोठे निघाला? मुंबईत नाही, कलकत्त्याला नाही. तो अहमदाबादला निघाला, राष्ट्रीय डिझाईन संस्थेत, १९६९ साली. या संस्थेची उभारणी गौतम आणि गिरा साराभाई या भावंडांनी केली होती. त्यांची बहीण गीता साराभाई पखवाज वाजवीत. त्या १९४६ मध्ये न्यूयॉर्कला गेल्या. तेथे जॉन केज या संगीतकाराकडे पाश्चात्त्य संगीतरचना शिकल्या आणि मोबदल्यात त्याला भारतीय संगीताचा विचार शिकवला. संगीताचा हेतू मन शांत करणे हा आहे, ही गोष्ट आपण या बाईंकडून शिकलो, असे केज पुढे जन्मभर सांगत असे. आमच्या मते देवाणघेवाणीचा हा व्यवहार चोख होता. फी कोणीच दिली नाही आणि दोघेही श्रीमंत झाले.

या केजने १९५२ साली ‘विल्यम्स मिक्स’ नावाची फितीची रचना केली. लांबी जेमतेम सव्वाचार मिनिटे. पण आठ फिती एकाच वेळी चालायच्या. आम्ही हिशेब केला तर एकूण फीत पावणेआठशे मीटरच्या घरात जाते, आणि तिचा तुकडा न् तुकडा हाताने कापून जोडलेला. या कापाकापीला महिनोन्महिने लागले. जे मदतनीस त्यात राबले त्यांत डेव्हिड ट्यूडर हा पियानोवादक होता. हाच ट्यूडर १९६९च्या अखेरीस अहमदाबादला आला, रॉबर्ट मूगने बनवलेले सिंथेसायझर यंत्र तेथे मांडले गेले, आणि त्याने काही महिने राहून तरुणांना ते शिकवले. गीता साराभाईंबरोबर आय. एस. माथूर, अतुल देसाई, एस. सी. शर्मा, जिनराज जोशीपुरा यांनी तेथे रचना केल्या. माणूस नुकताच चंद्रावर उतरला होता. जोशीपुरांच्या एका रचनेचे नावच अवकाशयानावर आहे. तीन-चार वर्षांत स्टुडिओ थंडावला. फिती संस्थेच्या दप्तरात पडून राहिल्या. पॉल पर्गस या इंग्लंडमधल्या कलावंताने त्या शोधून काढल्या आणि २०२३ साली त्या प्रसिद्ध झाल्या, तेव्हा कोठे आपल्याला कळले की येथे असे काही घडले होते.

येथे कामगार चळवळीतला माणूस थांबल्याशिवाय राहत नाही. गीताबाईंचे वडील अंबालाल साराभाई हे कॅलिको मिलचे मालक. १९१८ साली अहमदाबादच्या गिरणी कामगारांनी पस्तीस टक्के वाढीसाठी लढा दिला, गांधीजींनी त्यात उपवास केला, तेव्हा मालकांच्या बाजूला अंबालाल होते आणि कामगारांच्या बाजूला त्यांची सख्खी बहीण अनसूयाबेन होती. त्यातूनच १९२० मध्ये मजूर महाजन संघ निघाला. त्या संघाच्या सामोपचाराच्या वाटेबद्दल आमची मते वेगळी आहेत. ती येथे नकोत. पण एकाच घराण्यातून कामगारांची संघटनाही निघावी आणि नादाचे यंत्रही यावे, हा योग विलक्षण खरा. पुढे कॅलिको मिलही बंद पडली. आणखी एक योग: ज्या १९६९ साली मूगचे यंत्र अहमदाबादला लागले, त्याच साली महाराष्ट्रात माथाडी व हमाल कामगारांचा कायदा झाला. पाठीवरच्या ओझ्याची मोजदाद कागदावर आणणारा तो कायदा आम्हाला अर्थातच यंत्रापेक्षा जवळचा.

महाराष्ट्रातही फितीचे काम झाले, मात्र ते नाटकासाठी नव्हे. मुंबईच्या फिल्म्स डिव्हिजनमध्ये बासरीवादक विजय राघव राव लघुपटांना संगीत देत. प्रमोद पती या दिग्दर्शकाच्या ‘एक्सप्लोरर’ (१९६८) आणि ‘आबिद’ (१९७२) या लघुपटांतला नाद ऐकावा. विजेचे सूर, तुटके बोल, मंत्र आणि गोंगाट यांची एकच खिचडी; पण शिजलेली. त्या काळी प्रत्येक चित्रपटगृहात मुख्य चित्रपटाआधी सरकारी लघुपट दाखवणे सक्तीचे होते. आपल्याकडचे लोक त्याला सरसकट ‘न्यूजरील’ म्हणत आणि तेवढ्या वेळात चहा पिऊन येत. सरकारने पदरचे पैसे घालून प्रयोग करावा आणि जनतेने चहाला जावे, हा आपला जुना करार आहे.

मग मराठी प्रयोगशील नाटकाने फीत का धरली नाही? रंगायन १९६० साली निघाले, पुढे आविष्कार आले, पुण्याला थिएटर अकादमी आली. नवे काही करण्याची धमक होती. यंत्राचे ज्ञानही अगदीच नव्हते असे नाही. पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये भास्कर चंदावरकर १९६५ ते १९८० संगीत शिकवीत. फितीवर आवाज कसा कापतात, कसा जोडतात हे तेथे रोज पाहायला मिळे. याच चंदावरकरांनी १६ डिसेंबर १९७२ रोजी भरत नाट्य मंदिरात रंगमंचावर आलेल्या ‘घाशीराम कोतवाल’ला संगीत दिले. आणि त्यात त्यांनी काय वापरले? माणसे. ब्राह्मणांची एक रांग भिंत होऊन उभी राहते, तीच गाते, तीच गुणगुणते, तीच कुजबुजते, तीच वळून पाठ दाखवते. कीर्तन, लावणी, मृदंग आणि टाळ. ज्याला यंत्र ठाऊक होते त्याने गळा निवडला. दोन वर्षांनी सतीश आळेकरांच्या ‘महानिर्वाण’ने मेलेल्या माणसालाच कीर्तनकार केले, तेथेही नाद समोर उभ्या असलेल्या माणसांचाच.

याचे कारण गरिबी, असे काही जण म्हणतात. गरिबी होतीच. टेपरेकॉर्डर महाग, दुरुस्तीला माणूस मिळेना, आणि भाड्याच्या सभागृहातल्या विजेचा भरवसा नाही. पण आम्हाला ते पुरेसे वाटत नाही. आपल्या रंगभूमीला गाण्याची इतकी मोठी श्रीमंती १८८०च्या ‘संगीत शाकुंतला’पासून मिळाली होती की, तिच्याशी भांडण करायचे तरी गाण्यानेच करावे लागे. १९३३ साली नाट्यमन्वंतरने ‘आंधळ्यांची शाळा’ आणले तेव्हा केशवराव भोळ्यांनी पदांचा भार कमी करून प्रसंगामागे सूर ठेवण्याचा विचार केला. तीही क्रांतीच वाटली. परके वाद्य आपले व्हायलाही वेळ लागतो. बाजाची पेटी आपल्या नाटकात, भजनात, तमाशात रुळून कितीतरी वर्षे झाली होती, तरी आकाशवाणीने १९४० ते १९७१ तिला दाराबाहेर ठेवले होते! जेथे पेटीची ही कथा, तेथे विजेच्या सुराला कोण विचारतो? आणि पीटर ब्रुकचेही पाहा. ज्याने १९५५ मध्ये स्वतः फीत कापली, त्याने १९८५ साली फ्रान्समधल्या एका दगडाच्या खाणीत ‘महाभारत’ केले तेव्हा जिवंत वादक शेजारी बसवले. तोही फिरून माणसापाशीच आला.

नांदेडच्या आणि लातूरच्या नाटकवाल्यांचा मार्ग थोडा निराळा आहे. राज्य नाट्यस्पर्धा १९५४ पासून सुरू झाली आणि हौशी मंडळींना वर्षातून एकदा नव्याने काही करून पाहण्याचे निमित्त मिळाले. आपल्या भागातली प्रयोगशीलता मुख्यतः शब्दात होती. नांदेडच्या दत्ता भगत यांच्या १९८०च्या दशकातील ‘वाटा-पळवाटा’मध्ये तीन पिढ्यांचा सारा झगडा बोलण्यातून उभा राहतो, तेथे आवाजाच्या करामतीला जागाच नाही, आणि नको होती. फीत आपल्याकडे आली ती कॅसेटच्या रूपाने. फिलिप्स कंपनीने १९६३ मध्ये काढलेली ही डबी १९८०नंतर भारतात घरोघर झाली. मोठ्या रिळाची फीत सेकंदाला अडतीस सेंटिमीटर, तर कॅसेटची पाच सेंटिमीटरांहून कमी. तेवढ्यात काय कापणार आणि काय जोडणार? तरी लोक कापत. दाढीचे पाते, चिकटपट्टी आणि फीत गुंडाळायला पेन्सिल, एवढ्यावर आपल्या गावांतले पार्श्वसंगीत चालले आहे.

कॅसेटच्या यंत्राला वेग बदलण्याची कळ नव्हती. त्यावर उपाय निघाला तो असा की, यंत्रात उतरलेले सेल घालायचे. सेल मेले की मोटर मंदावते, मोटर मंदावली की आवाज खाली उतरतो. तो दुसऱ्या यंत्रावर उतरवून घ्यायचा, पुन्हा मेलेले सेल, पुन्हा उतरवणे. बॅरन पतिपत्नींनी जे विजेची मंडले जाळून मिळवले, ते आमच्या पोरांनी दुकानदाराने फेकलेल्या सेलांतून मिळवले.

किल्लारीच्या भूकंपानंतरच्या वर्षी आमच्या कामगारांच्या कलापथकाने त्यावर एक नाटक उभे केले. ३० सप्टेंबर १९९३, पहाटेचे तीन वाजून छप्पन्न मिनिटे. आदल्या रात्री गणपती बोळवून लोक झोपले होते. जड माळवदे, मातीत रचलेल्या दगडी भिंती. माणसे घरांनीच मारली. मृतांची संख्या दहा हजारांच्या आसपास गेली. त्या भागात १९९२च्या ऑगस्टपासून लहान धक्के बसत होते, पण त्याकडे पाहिले कोणी? नाटकाला तो आवाज हवा होता. पथकातल्या दोघांनी रात्रपाळीत डाळमिलच्या चक्कीची आणि चाळणीची घरघर कॅसेटवर घेतली, मेलेल्या सेलांवर तीनदा उतरवली, तेव्हा जमिनीच्या पोटातून यावा असा एक गडगडाट तयार झाला. सगळे खूश. पथकात औसा तालुक्यातली एक बाई होती, मिलमध्ये डाळ निवडणारी. तिने दोनदा ऐकला आणि म्हणाली, “तसा नव्हता दादा तो आवाज. कानाला नाही आला. खालून आला, बाजंच्या पायातून.”

त्यावर बरीच चर्चा झाली. शेवटी कर्ण्याचा खोका तोंड खाली करून रंगमंचाच्या फळ्यांवर पालथा ठेवला. आवाज दबला, पण फळ्या थरथरू लागल्या, आणि पहिल्या रांगेतल्या माणसांच्या तळव्यांना ते कळू लागले. बाईंनी मान हलवली. आमच्या समजुतीने जगातल्या कोणत्याही स्टुडिओत यापेक्षा खरी सूचना कोणी केली नसेल. नांदेडला प्रयोग झाला तो असा. भूकंपग्रस्तांच्या पत्र्याच्या शेडमध्ये प्रयोग केला तेव्हा मात्र पथकाने यंत्र नेलेच नाही. तेथे तो आवाज कोणाला ऐकवायचा? त्या ठिकाणी ढोलकी मध्येच थांबे, आणि दिवा हाती घेतलेला नट पुढचे वाक्य बोलेपर्यंत कोणीही हलत नसे. प्रेक्षकही नाही.

ढोलकीचा विषय निघाला म्हणून सांगतो. पथकाने यंत्र आणले तेव्हा प्रयोगामागे बिदागी घेणारा ढोलकीवाला आम्हाला भेटायला आला. त्याचा प्रश्न साधा होता: संघटना गिरणीत यंत्रामुळे माणूस काढू देत नाही, मग संघटनेच्या नाटकात कसा काढते? याला उत्तर पेट्रिलोच्या पुस्तकात होते तेवढेच आमच्याजवळ होते. बिदागी तीच ठेवून त्याला यंत्रावर बसवला. त्याचा कान सर्वांत तयार होता. कोणता तुकडा कोठे तोडायचा हे तो मात्रा मोजून सांगे, आणि त्याचा सांधा ऐकू येत नसे. कार्यक्रमपत्रिकेवर त्याच्या नावापुढे ‘संगीत’ असे छापले. एक हंगाम हे चालले. पुढे पथकाचे प्रयोग कमी झाले, वर्गणी आटली, आणि तो लग्नाच्या बँडमध्ये गेला. तेथेही काही वर्षांत गाडीवर सिंथेसायझर चढला आणि सनई उतरली.

आज स्पर्धेतल्या नाटकांचे संगीत लॅपटॉपवर तयार होते. मूगच्या यंत्राला जी खोली लागे ती आता खिशात मावते, आणि महाविद्यालयातली मुलगी मोबाईलवर जे करते त्याला १९५२ साली चार माणसांचे सहा महिने लागले असते. याचे आम्हाला वाईट वाटत नाही. वाईट वाटते ते इतकेच की, तयार आवाजांचे पेटारे फुकट मिळू लागल्यापासून लातूरच्या नाटकात न्यूयॉर्कचा पाऊस पडतो. आमच्या पत्र्यावरचा पाऊस वेगळा वाजतो. आडतीतला लिलाव, बाभळीतला वारा, नांदेड स्टेशनावरची घोषणा, गोदावरीच्या घाटावरची धुण्याची थाप, हे कोणी घेऊन ठेवलेले नाही. निजामाच्या काळात उभी राहिलेली उस्मानशाही मिल बंद झाली. तिच्या भोंग्यावर नांदेडच्या कितीतरी घरांत चूल पेटत असे. तो भोंगा फितीवर कोणाकडे आहे काय? आम्ही पुष्कळांना विचारले. अजून मिळालेला नाही.

म्हणून एक व्यवहाराची गोष्ट सांगून थांबतो. आपल्यापैकी अनेकांच्या माळ्यावर जुन्या नाटकांच्या, सभांच्या, भजनांच्या कॅसेटी आणि एखादे दुसरे रीळ पडलेले असेल. फितीवरचा लेप चिकट द्रव्याने धरलेला असतो. दमटपणाने ते द्रव्य सुटते आणि फीत वाजवताना लेप यंत्राच्या तोंडाला लागून निघून येतो. बुरशी येते ती वेगळीच. तेव्हा अशी फीत सापडली तर घाईने यंत्रात घालू नका. डब्या आडव्या रचू नका, पुस्तकासारख्या उभ्या ठेवा. कर्ण्याजवळ आणि लोखंडी कपाटाच्या तापत्या बाजूला ठेवू नका. एकदाच, चांगल्या यंत्रावर, जाणत्या माणसाकडून ती संगणकावर उतरवून घ्या. आणि उतरवताना डबीवर तारीख आणि गाव लिहा. गाणाऱ्याचे नाव तर लिहालच, पण ढोलकी कोणी वाजवली आणि यंत्रावर कोण बसले होते, तेही आठवत असेल तर लिहा. व्याख्यानानंतर आम्ही दाराजवळच बसणार आहोत. कोणाकडे काही असेल तर पत्ता देऊन जावे, आम्ही घरी येऊन पाहू.